खाली दोन हात

आक्काचं काम तोंडी चालायचं. गिऱ्हाईक बोलायचं, आक्का ऐकायची आणि ऐकलेलं सरळ भिंतीवर उतरायचं. मधे कागद नाही, पेन नाही. शाळेत ती तिसरीपर्यंत गेली, तिसरीच्या बाईंशी भांडून घरी आली ती आलीच. पुढं चाळीस वर्षं तिनं लोकांच्या भिंती रंगवल्या. आधी नवऱ्याच्या हाताखाली, मग त्याच्या बरोबरीनं आणि तो गेल्यावर स्वतःच्या हिमतीवर. रंगकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे लोकांनी म्हणायची वाट न बघता ती स्वतःच सांगून टाकायची.

रंगाऱ्याच्या घरात हात या शब्दाचा पहिला अर्थ एकच. भिंतीवर रंग एकदा फिरला की एक हात झाला, दोनदा फिरला की दोन. पहिला हात भिंत पिऊन टाकते, दुसरा माणसाच्या डोळ्याला दिसतो. "एकाच हातात भागवा हो," असं कोणी म्हणालं की आक्का त्याला वरपासून खालपर्यंत बघायची. "मग तुम्ही पण एकाच चपलेत फिरा. बघू किती लांब जाता."

तिची टोळी चार माणसांची. ती स्वतः, मुलगा, सून आणि डावऱ्या. डावऱ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा, साठी ओलांडलेला, डाव्या हातानं ब्रश चालवणारा. आक्का त्याला कौतुकानं आपला उजवा हात म्हणायची आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. सून तीन वर्षांपूर्वी घरात आली. तिला घरात बसायचं नव्हतं, ब्रश धरायचा होता. आक्कानं तिला ब्रश दिले, पण धुवायला. "हात बसल्याशिवाय भिंत नाही," असं म्हणायची. आता भिंतीशिवाय हात बसायचा कुठे, हे सूनबाईनं कधी विचारलं नाही. ती खिशात एक छोटी वही ठेवायची आणि रंगांचे नंबर लिहीत राहायची.

मुलाचं मात्र मन उडालं होतं. बाजारातल्या रंगाच्या दुकानात त्याला गल्ल्यामागं उभं राहायची नोकरी मिळत होती. पंख्याखाली, इस्त्रीच्या शर्टात. तो म्हणाला, "आई, शाळेचं हे शेवटचं. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सोमवारपासून मी दुकानात. हे चढायचे घोडे, फळ्या, बादल्या काढून टाकू. तू पण आता बस."

"मी बसले की उठवायला चौघं लागतील," आक्का म्हणाली. "आत्ता नाही बसत."

पण तिला कळत होतं. पुढं हातात काम नव्हतं. होती ती फक्त या शाळेची आशा. शाळेच्या तीन इमारती. मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, पहिल्याच दिवशी बोलून गेल्या होत्या, "ही एक नीट झाली तर त्या दोन्ही तुमच्याच." दोन इमारती म्हणजे वर्षभराचं काम. मुलगा गेला तरी टोळी राहिली असती. त्या नसत्या मिळाल्या, तर घोडे खरोखरच अंगणातून उचलले गेले असते. मग चाळीस वर्षं भिंतीपुढं उभी राहिलेली बाई खिडकीपुढं बसली असती.

मोठ्या बाईंनी काम सांगितलं ते पायरीवर, उभ्या उभ्या. बाहेर गाडी थांबलेली, त्यांना पंधरा दिवस कुठल्याशा प्रशिक्षणाला जायचं होतं.

"खाली निळा, दोन हात. वर पांढरा. निळा गडद हवा आणि तेलरंगच द्या, पुसता आला पाहिजे."

"झालं समजा," आक्का म्हणाली.

गाडी गेली. सूनबाईची वही अर्धी बाहेर आली होती. "आई, फोन करून एकदा विचारून घेऊ का? सगळा खालचा मजला गडद निळा? वर्गात अंधार होईल."

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी गिऱ्हाईक ऐकतेय. ब्रश भिजत पडलेत, धू जा."

सून गेली. बारा दिवस चौघांनी राबून दोन मजले पुरे केले. खालचे चार वर्ग आणि त्यांच्यापुढची लांब पडवी गडद निळी, जमिनीपासून छतापर्यंत, दोन हात. वरचे चार वर्ग आणि पडवी पांढरी. आक्काला स्वतःलाही खालच्या वर्गात शिरताना विहिरीत उतरल्यासारखं व्हायचं. पण गिऱ्हाइकाच्या आवडीत नाक खुपसायचं नाही, हा तिचा नियम. खरं तर तिच्याकडं नियम एवढा एकच होता, आणि नेमका तोच तिनं इथं पाळला.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाई आल्या. पडवीच्या दारात त्या थांबल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निळं निळंच राहिलं.

"हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत ते. खाली निळा, वर पांढरा."

"अहो, खाली म्हणजे भिंतीच्या खाली!"

"भिंतीच्या खाली पाया असतो, बाई."

"आक्का, मस्करी नको. मी दोन हात म्हणाले होते."

"दिले की दोन हात! हवं तर खरवडून बघा, पहिला हात आत सापडेल."

मोठ्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. साठीच्या जवळ आलेली ती बाई वाकली, उकिडवी बसली आणि तिनं कोपर जमिनीला टेकवून हात भिंतीवर उभा धरला. बोटाच्या टोकाशी नखानं खूण केली, तिथं पुन्हा कोपर लावलं. "हा एक हात. हा दुसरा. दोन हात! माझे वडील विणकर होते. आमच्या घरी कापड हातानंच मोजायचे. इथवर निळा, त्याच्यावर पांढरा. प्रत्येक भिंतीला, दोन्ही मजल्यांवर. मुलांचे मळके हात भिंतीला लागतात, म्हणून खाली गडद. आता सांगा, दुसरा कुठला हात असतो?"

"आमच्या घरी ब्रशचा असतो."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींचं बरोबर होतं, आणि भिंत तेवढी चुकली होती. मागून डावऱ्या पुटपुटला, "दोन बायकांचे चार हात, आणि एकाचा एकाशी मेळ नाही."

"तू गप," दोघी एकदमच म्हणाल्या.

आवाज ऐकून मुलगा वरून खाली आला. त्यानं सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि बायकोकडं वळला. "तू लिहून घेतलं होतंस ना? सदा ती वही घेऊन फिरतेस. एवढं सरळ वाक्य नीट लिहिता येत नाही?"

सून फरशीवर सांडलेला निळा थेंब अंगठ्यानं घासत राहिली.

आक्काला वाटलं, बरं झालं. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर नाही, चांगले दोन क्षण वाटलं. मोठ्या बाईंची नजर सुनेकडं वळली होती. नवी पोर आहे, चुकली, एवढ्यावर भागलं असतं. आक्काचं नाव चाळीस वर्षं जसं होतं तसं राहिलं असतं. नुसते हात झटकायचे, तोंडही उघडायचं नव्हतं.

पण ती पोर अंगठा घासत होती आणि तोंडातून अक्षर काढत नव्हती. आक्कानं आयुष्यात बरीच माणसं बघितली होती. अशी गप्प राहणारी फार नव्हती.

"तिनं काही लिहिलं नाही," आक्का म्हणाली. "मी लिहू दिलं नाही. ती विचारायला निघाली होती, मी तिला ब्रश धुवायला पाठवलं. ऐकलं मी, समजून घेतलं मी, चुकले पण मीच. झालं? आता पुढचं बोला."

मुलाचं तोंड उघडंच राहिलं. आईच्या तोंडून चुकले हा शब्द त्यानं ऐकला होता, पण तो नेहमी दुसऱ्या कोणाबद्दल असायचा.

"पुढचं म्हणजे," मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी साडेसातला दोनशे मुलं येणार. आणि पहारेकरी संध्याकाळी सहाला कुलूप घालतो, एक मिनिट पुढं नाही."

मुलगा म्हणाला, "तीन दिवसांत होत नाही, बाई. तेलरंगावर पांढरा सरळ धरत नाही. सगळं घासायचं, मग प्रायमर, मग पांढरा, आणि खालचा निळा पुन्हा पुन्हा वर येणार. आई, स्पष्ट सांगून टाकू. हात वर करू."

"हात वर करायचे ते छत रंगवायला," आक्का म्हणाली आणि तरातरा चालत मैदानापलीकडं गेली.

तिथं दुसरी इमारत होती, अजून जुन्याच रंगातली. आक्का तिच्या पडवीत शिरली आणि भिंतीजवळ उभी राहिली. मुलं रांगेनं चालताना भिंतीवरून बोटं फिरवत जातात, टेकतात, ढकलाढकली करतात. त्या सगळ्याचा तपकिरी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. आक्कानं तो नीट बघितला आणि मैदानातून हाक मारली. अशी मारली की मोठ्या बाई, कुणाच्या हाकेला धावायची सवय नसताना, धावत आल्या.

"बाई, तुमचे दोन हात या भिंतीवर दाखवा."

बाईंनी पुन्हा कोपर लावलं. दोन हात संपले तिथं भिंत बऱ्यापैकी स्वच्छ होती. मळ तिथून वर सुरू होत होता.

"तुमची पोरं रांगत येतात का शाळेत?"

मोठ्या बाईंनी त्या मळावरून बोट फिरवलं.

"दोन हात निळा दिला असता, तर सगळे डाग पांढऱ्यावर पडले असते. आणि सहा महिन्यांनी तुम्ही मलाच बोलला असता. तीन हात घ्या. मळ त्याच्या आत राहतो, बघा."

बाईंनी बघितलं. मग चष्म्यावरून आक्काकडं बघितलं. शाळा चालवणारी बाई होती, तिला फसवणं सोपं नव्हतं. "म्हणजे खालच्या मजल्यावर तुम्हाला पांढरा तेवढा कमी मारावा लागणार."

"लागणारच! एका गोष्टीत दोघींचा फायदा निघाला, तर तुमचं काय दुखतं?"

मोठ्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बरं. तीन हात. पण माझ्या हातानं."

"तुमचा हात आखूड आहे. माझ्या हातानं."

दोघींनी शेजारी शेजारी कोपरं लावली. तीन हातांत जवळजवळ वीतभर फरक पडला, आणि पुन्हा जुंपणार एवढ्यात सूनबाई मधे आली. तिच्या हातात टेप होता. तिनं मळाच्या वरच्या कडेपर्यंत मापलं. "एकशे सव्वीस. एकशे तीस धरू या का? सेंटिमीटर." आणि कोणी हो म्हणायच्या आत पेन्सिलनं भिंतीवर आकडा लिहिला.

"भिंतीवर कोणी लिहितं का?" आक्का खेकसली.

"इथं नंतर रंग येणारच आहे, आई."

हे ऐकून घेणं आक्काला फार जड गेलं.

दिवस उरले ते हातघाईचे. आक्कानं वाटणी केली. मुलगा आणि डावऱ्या वरच्या मजल्यावर, पांढऱ्याच्या खालच्या भागावर निळा चढवायला. ते सोपं होतं, गडद रंग फिक्याला सहज झाकतो. खालचं अवघड काम, निळ्यावर पांढरा, ती स्वतः करणार होती. आणि सोबतीला सून, कारण दुसरं कोणी शिल्लकच नव्हतं.

गुरुवारचे उरलेले तास आणि शुक्रवारची सकाळ पॉलिश पेपरनं भिंती घासण्यात गेली. निळी धूळ केसांत, कानांत, पापण्यांवर बसली. चहा प्यायला बसल्या तेव्हा डावऱ्या म्हणाला, "सासू कोणती, सून कोणती, ओळखू येईना."

"जिचं तोंड चालू आहे ती सासू," सूनबाई म्हणाली. म्हणून झाल्यावर घाबरली. आक्कानं चहाचा घोट घेतला आणि ऐकू न आल्यासारखं केलं. डावऱ्या मात्र ठसका लागेपर्यंत हसला.

दोरी मारायची वेळ आली. पिठीत घोळलेली दोरी, एक टोक आक्काच्या हातात, दुसरं सुनेच्या. एकशे तीसवर दोन्हीकडं दाबून धरायची, मधे ताणून सोडायची. टण् आवाज होतो आणि भिंतीवर सरळ रेघ उमटते. पहिल्या वर्गात सुनेच्या हातून टोक निसटलं, रेघ तिरकी उठली.

"डोळे कुठं आहेत तुझे?"

"टेपवर."

"टेपवर नको, दोरीवर ठेव. माप घेऊन झालंय, आता पकडायचं आहे."

दुसऱ्यांदा रेघ सरळ आली. आक्का ओरडली नाही, आणि तिच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ होतं.

शुक्रवारी सहाच्या आत रेघेच्या वर सगळीकडं प्रायमर लागला. शनिवारी सकाळी पांढऱ्याचा पहिला हात. दुपारी दुसरा. आणि दुसरा वाळला तसा निळा पुन्हा वर आला, ठिकठिकाणी, दुधात शाई पडावी तसा. वरचं काम संपवून मुलगा खाली उतरला आणि ते बघून भिंतीला टेकून बसला.

"बघ. मी म्हणालो होतो. दोन हातांत झाकत नाही."

"मग तिसरा देऊ."

"उद्या एकच दिवस आहे, आई. चार वर्ग आणि पडवी. तुझा खांदा वर जात नाहीये, दोन दिवस मी बघतोय."

हे खरं होतं. रोलर डोक्यावर न्यायचा तर आक्का उजव्या हाताला डाव्या हातानं टेकू देत होती. कोणाला दिसत नाही असं तिला वाटत होतं. ती उलट्या बादलीवर बसली. एका क्षणी वाटलं, पोरगा बरोबर बोलतोय, टेकावेत हात, झालं तेवढं पुष्कळ झालं. समोर सून रोलर धरून उभी होती. दोन दिवस ती फक्त रेघेजवळचा खालचा भाग करत होती, आक्कानं वरचा दिला नव्हता. आक्का तिच्या हाताकडं बघत राहिली. मनगट मोकळं होतं. पकड अजून घट्ट होती, नवशिक्याची असते तशी, पण रंग एकसारखा पसरत होता. कधी बसला हिचा हात? ब्रश धुता धुता तर बसत नाही. पाठ फिरली की ही कुठल्या तरी भिंतीवर हात चालवत असणार.

"घोड्यावर चढ," आक्का म्हणाली.

"मी?"

"नाही, शाळेची घंटा! चढ. उद्याचा वरचा हात तुझा. रोलर दाबू नकोस, दाबलास की खालचा रंग उचलतो. वरून खाली ये, एकदा आलेल्या जागी परत जाऊ नकोस. आणि मी ओरडले तरी थांबू नकोस."

रविवारी सकाळी सहाला पहारेकऱ्यानं कुलूप काढलं तेव्हा चौघं दारात उभे होते. मुलगाही. त्यानं सरळ दुसरा घोडा उचलला. आक्का खाली फिरत राहिली. रेघेची कड डाव्या हातानं ब्रश धरून साफ करायची, थेंब पुसायची आणि ओरडायची. ओरडण्याला खांदा लागत नाही. सून थांबली नाही. दुपारपर्यंत तीन वर्ग झाले, चारला चौथा. मग पडवीची लांब भिंत उरली, आणि चारही जण एकाच भिंतीला भिडले. दोघं घोड्यांवर, दोघं खाली. पावणेसहाला पहारेकरी किल्ल्या वाजवत आला आणि बघत उभा राहिला. सहाला दोन मिनिटं असताना सुनेनं शेवटचा पट्टा वरून खाली आणला. डावऱ्यानं तिच्या हातातून रोलर काढून घेतला, कारण तिची बोटंच उघडत नव्हती.

सोमवारी मुलं वर्गांत गेल्यावर मोठ्या बाई पडवीतून हळूहळू चालत गेल्या. एक भिंत, दुसरी भिंत. तिसऱ्या वर्गात कड थोडी लहरली होती. त्यांनी तिथं बोट ठेवलं.

"दिसली मला," आक्का म्हणाली. "आज शाळा सुटल्यावर सरळ करणार."

बाईंनी मान हलवली. "त्या दोन इमारती तुम्हाला देते. पण एक अट आहे. काम मी सूनबाईंना सांगणार. त्या विचारतील, लिहून घेतील, मला वाचून दाखवतील. तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसणार."

आक्काच्या जिभेवर तीन उत्तरं आली, तिन्ही चांगली झोंबणारी. इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाकडं निघालेला मुलगा दारात थांबला होता, आई काय बोलते ते ऐकायला. आक्कानं तिन्ही उत्तरं गिळली. शेवटचं गिळताना वेळ लागला.

"जा ग," ती सुनेला म्हणाली. "वही आहे ना?"

मुलगा दुकानात गेला. आक्का मैदानापलीकडच्या इमारतीच्या पायरीशी रंगाचा रिकामा डबा उलटा करून बसली. शेजारी डावऱ्या. आतून दोघींचे आवाज येत होते. सून एकेक गोष्ट विचारत होती, मोठ्या बाई उत्तर देत होत्या. दारांचा रंग कुठला, खिडक्यांना आतून की बाहेरून, फळ्यामागची भिंत कशी. अर्धा तास झाला. बाईंचा आवाज वैतागायला लागला.

"आणि ही मागची भिंत? हिला सरळ पांढरा मारून टाका."

आक्का डब्यावरून अर्धी उठली. मागच्या भिंतीला ओल होती, ती तिनं गुरुवारी मळाचा पट्टा बघतानाच पाहून ठेवली होती. तोंड उघडलं सुद्धा. मग दोन्ही हात मांडीखाली घालून पुन्हा खाली बसली.

आतून सुनेचा आवाज आला. "बाई, हिला आधी ओलीचं काम करावं लागेल. तसाच रंग दिला तर सहा महिन्यांत फुगेल. मी तो देणार नाही."

डावऱ्यानं आक्काकडं बघितलं. "बरोबर बोलली?"

"आवाज जरा मोठा पाहिजे होता," आक्का म्हणाली, आणि डब्यावरून उठली नाही.